मंडळाचा कायम आरोपी

गुणाजी तोरसकरला आयुष्यात कुणी अवघड प्रश्न विचारलाच नव्हता. कोर्टानंसुद्धा नाही. कोर्ट विचारायचं, "गुन्हा कबूल?" हा म्हणायचा, "कबूल." संपलं. अकरा वर्षांत अकरा वेळा. आणि आता छपन्नाव्या वर्षी, लालबागला सोनबाच्या चाळीतल्या स्वतःच्या घरात, लेकीच्या लॅपटॉपसमोर पंख्याखाली बसलेला असताना लॉ कॉलेजच्या अर्जानं त्याला घाम फोडला.

चौदावा रकाना. 'आपणांस कोणत्याही न्यायालयाने दोषी ठरवले आहे काय? असल्यास तपशील द्या.' आणि तपशिलाला जागा किती, तर एक ओळ.

"नाही टाकते," श्रेया म्हणाली. पोरगी बँकेत आहे, दिवसाला शंभर फॉर्म भरते, तिची बोटं तोंडाच्या आधी चालतात.

"थांब," गुणाजी म्हणाला. "एका ओळीत अकरा मावतील का गं?"

"अकरा काय?"

"केशी."

श्रेयानं बापाकडे असं बघितलं की जणू हा माणूस आत्ताच घरात घुसलाय. मग तिला आठवलं आणि ती हसायला लागली. "बाबा, त्या? स्पीकरच्या? त्या काय गुन्हे आहेत का?"

आता हीच तर गंमत आहे. सोनबाच्या चाळीत कुणालाच ते गुन्हे वाटत नव्हते. अकरा वेळा दोषी ठरलेला आरोपी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर जो कुणी येईल, त्याच्या शेजारी गुणाजीला उभा करून बघा. सव्वापाच फूट उंची, गळ्याचं बटण लावलेला पूर्ण बाह्यांचा शर्ट, आणि भर दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी लाल सिग्नल हिरवा होईपर्यंत फुटपाथवर थांबणारा माणूस. मुंबईत असा माणूस वेडा तरी असतो नाहीतर गुणाजी तरी.

झालं होतं असं. चाळीच्या गणपतीत चौथ्या दिवशी विविध गुणदर्शनाचा कार्यक्रम असतो. पोरांची नाचगाणी, बायकांच्या फुगड्या, आणि सगळ्यात शेवटी मंडळाचा अध्यक्ष दत्ताराम कराओकेवर गातो. दत्ताराम गायला उभा राहतो तेव्हा घड्याळात पावणेदहा झालेले असतात, आणि थांबतो तेव्हा घड्याळाकडे बघायची कुणाला शुद्ध नसते. स्पीकर दहाला बंद करायचा, हा कायदा. मग कुणीतरी फोन लावतो, पोलीस येतात. भांडण नाही, तंटा नाही. हवालदार प्रसाद घेतो, हात पुसतो आणि म्हणतो, "चला, एक नाव द्या." एकाच्या नावावर केस करायची, त्यानं कोर्टात जाऊन कबूल म्हणायचं, दंड भरायचा, मंडळ मोकळं.

पहिल्या वर्षी म्हणे पाळीपाळीनं नाव द्यायचं ठरलं होतं. पण कुणाचा पासपोर्ट व्हायचा होता, कुणाची महापालिकेत नोकरी, कुणाच्या मुलाची सोयरीक चाललेली. गुणाजी परळच्या एका खाजगी कंपनीत स्टोअरकीपर. त्याला ना परदेशी जायचं होतं, ना सरकारी नोकरी करायची होती. "गुणाचं टाका," दत्ताराम म्हणाला. दुसऱ्या वर्षीही तेच म्हणाला. तिसऱ्या वर्षी तर विचारायचीही गरज उरली नाही, हवालदारानंच लिहायला घेतलं, "तोरसकर ना?"

बरं, फुकट नाही हं. मंडळ कृतघ्न नव्हतं. चौथ्या दिवशीच्या आरतीचा मान गुणाजीला. वार्षिक अहवालात, सजावट अमुक, प्रसाद तमुक, आणि खाली 'कायदेशीर बाबी : श्री. गुणाजी तोरसकर'. एका वर्षी तर शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. बकऱ्याला कापायच्या आधी हार घालतात, त्यातलीच ही तऱ्हा. पण गुणाजीला खरंच बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोला.

आणि मजा ऐका. ज्या आवाजापायी त्याला अकरा वेळा शिक्षा झाली, तो आवाज त्यानं जवळजवळ ऐकलेलाच नव्हता. आरती झाली की हा साडेनऊला घरी, साखरेची गोळी घेऊन, कानात कापसाचे बोळे घालून आडवा. दत्तारामाचं गाणं सहन करायला जी छाती लागते ती त्याच्याकडे नव्हती.

शिक्षा काय, तर थोडा दंड आणि कोर्ट उठेपर्यंत कैद. म्हणजे तुरुंग नाही, कोर्टाच्या त्याच खोलीत मागच्या बाकावर संध्याकाळपर्यंत बसून राहायचं. बाकीचे आरोपी जांभया देतात, मोबाईल चाळतात, शिपायाच्या शिव्या खातात. गुणाजी मात्र पहिल्याच वर्षी त्या बाकावर हरखून गेला. वकील उलटतपासणी घेतोय, साक्षीदार अडकतोय, साहेब चष्म्यावरून बघताहेत! दुसऱ्या वर्षी त्यानं डबा नेला. तिसऱ्या वर्षी वही. पुढं पुढं तर गणपती गेले की चाळीतली माणसं हिरमुसायची आणि गुणाजी समन्सची वाट बघायचा. कंपनी भिवंडीला गेली, यानं नोकरी सोडली, मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलं, सीईटी दिली आणि पोराटोरांच्यात चांगले मार्क मिळवून आता सकाळच्या लॉ कॉलेजच्या दारात येऊन उभा राहिला. वकील व्हायचं होतं त्याला. मनापासून, अगदी जीव लावून. त्या मागच्या बाकावरून उठून एकदा पुढं जाऊन बोलायचं होतं.

आणि मध्ये हा चौदावा रकाना.

बातमी चाळीत फुटायला वेळ लागत नाही. संध्याकाळी दत्ताराम हजर. दारातूनच ओरडला, "गुणा, डोकं फिरलंय का तुझं? नाही म्हणून टाक आणि मोकळा हो. कोण बघतंय?"

"खाली लिहिलंय ना, माहिती खोटी निघाल्यास प्रवेश रद्द."

"अरे, ते सगळ्याच फॉर्मवर असतं. गॅसच्या फॉर्मवरपण असतं."

"मग होय लिहितो."

"होय लिहिलंस तर घेतील का तुला? अकरा केशी! त्यांना वाटेल, दगडी चाळीतून आलाय." दत्ताराम खाली बसला, गुणाजीच्या बायकोनं, कमलनं, दिलेला चहा बशीत ओतला. "आणि होय लिहून वर खुलासा कर, की बाबांनो मी काही केलेलं नाही, मी झोपलो होतो. म्हणजे काय होईल? अकरा वेळा कोर्टात खोटं बोललास, हे तूच लेखी देणार. त्यापेक्षा स्पीकर परवडला!"

हे मात्र दत्ताराम खरं बोलला होता. नाही म्हणावं तर खोटं. होय म्हणावं तर बदनामी. खरं काय ते सांगावं तर दोन्हीपेक्षा वाईट. इकडं आड, तिकडं विहीर, आणि उभं राहायला जी फळी होती तीही दत्ताराम काढून घेऊन गेला.

कमल इतका वेळ कोलंबी सोलत बसली होती. दत्तारामाच्या चपला जिन्यावर वाजेनाशा झाल्या तशी ती म्हणाली, "अकरा वर्सां तुमी खोटा बोललात, मी गप रवलंय. चाळीचा काम, म्हटलंय. आता ह्या तुमचा सोताचा काम. खरा काय ता लिवा."

"आणि नाही घेतलं तर?"

"नाय तर नाय. पण दत्तारामाच्या गाण्यापायी परत खोटा बोलूचा नाय." आणि तिनं कोलंबीचं डोकं असं मोडलं, की ते नक्की कुणाचं समजून मोडलं हे विचारायची सोय नव्हती.

शेवटी गुणाजीनं लिहिलं. 'होय. अकरा वेळा. यादी सोबत जोडली आहे. सर्व प्रकरणांत मी गुन्हा कबूल केला होता.' बघा हं, गुन्हा केला होता असं लिहिलं नाही, कबूल केला होता असं लिहिलं. प्रवेश मिळायच्या आधीच माणूस निम्मा वकील झाला होता.

आठ दिवसांनी कॉलेजातून फोन आला. प्राचार्यांनी भेटायला बोलावलंय.

प्राचार्या संघमित्रा जाधव पन्नाशीच्या. परळच्या चाळीत वाढलेल्या, हे गुणाजीला तेव्हा ठाऊक नव्हतं. टेबलावर त्याची यादी, प्रत्येक पावतीच्या झेरॉक्ससह. त्यांनी ती दोनदा चाळली.

"तोरसकर, अकराही वेळा तुम्हीच?"

"होय, मॅडम."

"हौशी दिसता. बसा. स्पीकर कुठं असतो तुमचा?"

"मंडपात."

"मंडपात कुठं?"

"डावीकडे."

"कुणाच्या? तुमच्या की गणपतीच्या?"

गुणाजीनं स्वतःला गणपतीच्या जागी बसवून बघितलं, मग परत समोर आणून बघितलं, काही जमेना.

"बरं, ते सोडा. गेल्या वर्षी पोलीस आले तेव्हा चालू काय होतं? भाषण, नाच, गाणं?"

"गाणं असणार."

"असणार?" मॅडमनी पेन खाली ठेवलं. "आरोपी तुम्ही आणि अंदाजही तुम्हीच करताय? तुम्ही होतात कुठं?"

अकरा वर्षं मागच्या बाकावर बसून गुणाजीनं डझनावारी साक्षीदार असे आपटताना पाहिले होते. बिचाऱ्यांचं त्याला तेव्हा हसू यायचं. आता त्याचीच पाळी होती.

"झोपलो होतो, मॅडम," तो म्हणाला. "कानात कापूस होता."

"अकरा वेळा?"

"दहा. एका वर्षी जागा होतो. दाढ दुखत होती."

मॅडम हसल्या. चांगल्या खो खो हसल्या, बाहेरचा शिपाई डोकावून गेला. मग चष्मा काढून डोळे पुसले आणि एकदम गंभीर झाल्या. "आमच्याकडेही हेच व्हायचं. जयंतीच्या मिरवणुकीला. आमच्या अजितचं नाव द्यायचे, माझ्या भावाचं. गरीब स्वभाव, नाही म्हणता यायचं नाही. पुढं पोलीस भरतीला उभा राहिला. लेखीत पास, मैदानात पास, आणि चारित्र्य पडताळणीत त्या दोन केशी वर आल्या. अजून वॉचमन आहे. ज्यांनी नाव दिलं त्यांच्यातला एक आज नगरसेवकाच्या गाडीतून फिरतो."

गुणाजी टेबलावरच्या आपल्या अकरा पावत्यांकडे बघत राहिला.

"स्पीकरच्या दंडावरून मी कुणाचा प्रवेश अडवत नाही," मॅडम म्हणाल्या. "लिहिलंत हे बरं केलंत. लपवलं असतंत तर आज इथं बसला नसतात. माझी अडचण निराळी आहे. न केलेला गुन्हा कुणाच्या गळ्यात पडू नये, म्हणून वकील असतो. आणि तुम्ही तर स्वतःहून मान पुढं करताय, तीही डबा घेऊन. उद्या पक्षकाराला काय सांगणार? कबूल म्हण, मंडळ शाल देईल?"

"पुन्हा नाही करणार, मॅडम."

"तोंडी नको. गणपती महिन्यावर आलेत. यंदा नाव कुणाचं जाणार, ते मंडळाच्या लेटरहेडवर मला आणून द्या. शुक्रवारी पाचला शेवटची यादी लागते. पत्र आलं तर तुमचं नाव यादीत, नाही आलं तर प्रतीक्षा यादीतला पुढचा मुलगा."

बुधवारी मंडळाची सभा होती. गुणाजी वेळेवर गेला. गळ्याचं बटण त्यानं आज उघडं ठेवलं होतं. पंधरा-वीस माणसं मंडळाच्या खोलीत चटयांवर बसलेली. दत्ताराम खुर्चीवर, हातात कागद.

"सजावट, विनीत. प्रसाद, लवूकाका. वर्गणी, हितेंद्र." दत्तारामानं गळा साफ केला. "आणि कायदेशीर बाबी, आपले लाडके..."

टाळ्या सुरूसुद्धा झाल्या होत्या.

"माझं नाव काढा," गुणाजी म्हणाला.

टाळ्या एकेक करून थांबल्या.

"गुणा, मस्करी नको रे."

"मस्करी नाही. माझं नाव यंदापासून नाही. ज्याचं जाणार असेल त्याचं मला पत्रावर लिहून द्या, शुक्रवारी पाचच्या आत. नाहीतर माझी सीट जाते."

दत्तारामानं आधी हसून बघितलं. मग लाडीगोडी लावली, "अरे, तुझ्यासारखं कबूल म्हणायला दुसऱ्या कुणाला जमतं का? साहेब तुला ओळखतात!" मग डोळ्यांत पाणी आणलं, "बाप्पाची सेवा आहे ही, गुणा. सेवेला नाही म्हणू नये."

"सेवा आहे ना?" गुणाजी म्हणाला. "मग सगळ्यांनी करावी. मी अकरा वर्षं पुण्य कमावलंय. आता तुम्ही घ्या थोडं."

खोलीत कुणीतरी फिस्सकन हसलं. आणि मग सुरू झालं. विनीत म्हणाला, त्याचे कॅनडाचे कागद टाकलेत. हितेंद्र महापालिकेत, त्याचं प्रमोशन अडकेल. लवूकाका म्हणाले, पेन्शनला काही होतं का ते आधी विचारून बघायला पाहिजे. एकाच्या बायकोला विचारावं लागेल, एकाची बायको नाहीच म्हणेल. सगळ्यांची नजर फिरत फिरत खुर्चीपाशी आली.

"मी?" दत्ताराम ताडकन म्हणाला. "मी अध्यक्ष आहे! मंडळाची इज्जत काय राहील? अध्यक्षावर केस?"

"गातोस तू," गुणाजी म्हणाला.

"म्हणून काय झालं? गाणं हा गुन्हा आहे का?"

यावर मतं वेगवेगळी होती, पण उघड कुणी बोललं नाही. गुणाजी उभाच होता. त्याला वाटलं, गेली सीट. ह्यांच्यातला एकसुद्धा उठणार नाही. एकाचंही नाव मिळणार नाही आणि शुक्रवारी पाचला कुणी पोरगा आपल्या जागेवर जाऊन बसेल.

कोपऱ्यात अप्पा बसले होते. ब्याऐंशी वर्षांचे, मंडळाचे सगळ्यात जुने सभासद. त्यांना नीट ऐकू येत नाही, म्हणून सभेत त्यांना कुणी काही विचारत नाही. त्यांनी शेजाऱ्याला ढोसलं, "काय झालंय काय? सगळे सुतकात का?"

शेजारी त्यांच्या कानात ओरडला, "नाव मिळत नाहीये! चौथ्या दिवसाच्या केशीला!"

"मग दहाला बंद करा की रे!" अप्पा म्हणाले.

वीस माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिली. हे बटण बंदही होतं, ही गोष्ट सोनबाच्या चाळीत आज पहिल्यांदा उघडकीला आली होती.

"तसं... सातला सुरू केलं तर दहाला होईल," हितेंद्र हळूच म्हणाला.

"पोरांचे नाच कमी करू," विनीत म्हणाला.

"माझी गाणी आधी घ्या मग," दत्ताराम कुरकुरला. "पण पाचच्या खाली नाही गाणार, सांगून ठेवतो."

दोन मिनिटं. मोजून दोन मिनिटांत सगळं ठरलं. ठराव झाला, हात वर झाले, लवूकाकांनी चहा सांगितला. माणसं मोठं संकट टळल्यासारखी हसायला लागली, एकमेकांच्या पाठी थोपटायला लागली. दत्तारामानं लेटरहेड काढलं आणि आपल्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं, की यंदापासून मंडळाचा ध्वनिक्षेपक रात्री दहा वाजता बंद होईल, सबब कोणाचेही नाव देण्याचा प्रश्न उद्भवत नाही. खाली सही, वर शिक्का.

सीट मिळाल्यातच जमा होती. गुणाजीला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही होता थोडा. पण त्या आनंदाच्या बुडाशी काहीतरी जळत होतं. अकरा वेळा तो त्या पिंजऱ्यात उभा राहिला. सुरुवातीला पोरगी लहान होती, शेजारच्या आजीला विचारायची, बाबांना सोडतील ना? पहिल्या वर्षी तर कमलनं देव पाण्यात ठेवले होते. आणि उपाय काय होता, तर सातला सुरू करा.

"दत्त्या," तो म्हणाला, "हे अकरा वर्षांपूर्वी का नाही सुचलं रे?"

दत्ताराम पाकीट चिकटवत होता. माणूस लबाड असेल, पण प्रश्न विचारला की विचार करतो. त्यानं खरंच विचार केला, अगदी कपाळाला आठी घालून.

"गरजच काय होती?" तो म्हणाला. "तू होतास ना."

गुणाजीचा हात शिवशिवला. पण शुक्रवार अजून दोन दिवस लांब होता. त्यानं पाकीट घेतलं, चुरगळणार नाही असं खिशात ठेवलं, आणि चहा तसाच टाकून घरी गेला.